पावसाळ्यासाठी सायकल ट्रेनरची निवड : सांगलीतील एका तालमीच्या खोलीतील नोंदी

३० मे

आमच्या गटात १४ ते १८ वयोगटातील पाच मुले आणि दोन मुली सायकलिंगचा नियमित सराव करतात. गेल्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर या काळातील निम्म्याहून अधिक सकाळी वाया गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये स्पर्धांसाठी मुले रस्त्यावर उतरली, तेव्हा कोण किती पाण्यात आहे हे सांगणारा एकही भरवशाचा आकडा माझ्याकडे नव्हता. या वर्षी पालक आणि तालमीचे कार्यकर्ते यांनी मिळून ८५,००० रुपये जमवून दिले आहेत. तालमीच्या मागची पत्र्याची खोलीही आम्हाला मिळाली आहे.

या पैशांतून दोन कामे साधायची आहेत. पहिले काम म्हणजे सातही जणांचा रोजचा सराव आणि दुसरे म्हणजे दर चार-पाच आठवड्यांनी प्रत्येकाची चाचणी. ही दोन्ही कामे एकाच जातीच्या यंत्रावर होतील असे गृहीत धरून मी सुरुवातीला चौकशी केली आणि पहिली चूक तिथेच झाली. हे पुढच्या नोंदींत येईलच. सायकल ट्रेनरचे, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येणाऱ्या यंत्राचे, बाजारात चार प्रकार दिसतात. मागचे चाक रोलरवर दाबून चुंबकाने अडवणारा ट्रेनर, तसाच पण द्रवाने अडवणारा, मागचे चाक काढून चेन थेट यंत्राच्या कॅसेटवर (गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर) चढवायचा डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर, आणि तीन नळकांड्यांवर सायकल मोकळी चालवायचे रोलर. विकत घेण्यापूर्वी प्रत्येक प्रकार हाताळून पाहायचा, असे ठरवले. कोल्हापूरच्या एका मित्राने त्याचे दोन्ही पायांची शक्ती मोजणारे पॉवरमीटर पेडल ऑगस्टच्या मध्यापर्यंत वापरायला दिले आहेत. त्यांच्याशिवाय या नोंदींतील एकही तुलना शक्य झाली नसती.

४ जून

तालमीच्या माळ्यावर जुना चुंबकीय ट्रेनर पडून होता. तो खाली काढला, धूळ झटकली आणि माझी सायकल चढवली. दहाव्या मिनिटाला मागचे चाक पकडीतून एका बाजूने सुटले आणि सायकल कलंडली. इजा झाली नाही. मात्र कारण शोधण्यात दोन दिवस गेले. मी सायकलचा मूळचा क्विक रिलीज दांडा, म्हणजे मागचे चाक चौकटीत आवळून धरणारा दांडा, तसाच ठेवला होता. त्याची टोके हलक्या मिश्रधातूची आणि निमुळती असल्यामुळे ट्रेनरच्या पकडीत ती घट्ट बसतच नव्हती. ट्रेनरसोबत येणारा पोलादी दांडा हरवला होता. तसा दांडा मिरजेतील एका सायकल दुकानातून मिळाला, तेव्हा पकड पक्की झाली. जुना ट्रेनर कोणी फुकट देत असेल तर त्याच्यासोबत हा दांडा आहे का, हे आधी विचारावे.

७ जून

चुंबकीय ट्रेनरची मोजणी केली. अडथळ्याची कळ तिसऱ्या पायरीवर ठेवली, वेग ताशी ३० किलोमीटरवर धरला आणि पेडलवरचा आकडा दर पाच मिनिटांनी वहीत उतरवला. सुरुवातीला १८२ वॉट आले आणि वीस मिनिटांनी, वेग आणि कळ तीच असताना, १६० वॉट उरले. टायर आणि अडथळ्याचा भाग हाताला चांगलेच गरम लागत होते. याचा अर्थ असा की जो मुलगा केवळ वेग पाहून सराव करील, त्याला आपण तितकीच मेहनत घेत आहोत असे वाटत राहील आणि प्रत्यक्षात ती आठव्या हिश्श्याने घटलेली असेल.

संध्याकाळी सायकल उतरवून पुन्हा चढवली, तर आकडा आणखी वेगळा आला. टायर रोलरवर दाबणारा स्क्रू किती फिरवला यावर बरेच अवलंबून आहे. आता टायरमध्ये रोज १०० पीएसआय हवा भरायची, रोलर टायरला जेमतेम टेकला की तिथून स्क्रूचे अडीच फेरे द्यायचे आणि त्या जागी ऑइलपेंटची खूण करायची, असे ठरवले आहे. एवढे करूनही पुढच्या चार दिवसांत तिसाव्या मिनिटाचे आकडे १५० ते १७१ वॉट यांच्यामध्ये फिरत राहिले (चारही दिवस झाल्यावर हे वाक्य येथे भरले आहे). चाचणीसाठी हा प्रकार बाद केला. अंग गरम करण्यासाठी मात्र तो उपयोगी आहे आणि त्याचा खर्च शून्य आहे.

११ जून

खोलीच्या फरशीवर काळा भुगा साचलेला दिसला. रस्त्याचा टायर आठवड्याभरात मधोमध सपाट झाला आहे. ट्रेनरसाठी वेगळा, कडक रबराचा टायर २,२०० रुपयांना मिळाला, पण तो रस्त्यावर वापरता येत नाही, कारण ओल्या रस्त्यावर त्याची पकड राहत नाही. दर वेळी टायर बदलणे मुलांना जमण्यासारखे नव्हते. म्हणून एका दुकानातून १,२०० रुपयांना वापरलेले मागचे चाक घेतले आणि तो टायर त्याच्यावर कायमचा बसवून टाकला. आता ट्रेनरवर बसायचे असेल तेव्हा चाकच बदलतो. हा खर्च चाकावर चालणाऱ्या कोणत्याही ट्रेनरच्या किमतीत आधीच धरायला हवा होता आणि तो मी धरला नव्हता.

१६ जून

रोलर घरीच तयार करावेत, असा विचार केला. फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या एका पालकांनी चौकट मोफत वेल्ड करून दिली. नळकांड्यांसाठी ११० मिलिमीटर बाह्य व्यासाचा पीव्हीसी पाइप, टोकांना लाकडी चकत्या, १५ मिलिमीटरचा दांडा आणि ६२०२ क्रमांकाच्या सहा बेअरिंगा, तसेच मागच्या नळकांड्यापासून पुढच्यापर्यंत जाणारा गोल पट्टा असे सामान आणले. एकूण खर्च ३,४०० रुपये झाला.

चाचणीत सायकल ताशी २५ किलोमीटरच्या पुढे इतकी थरथरू लागली की हँडल धरणे कठीण झाले. प्लंबिंगचा पाइप डोळ्यांना गोल दिसतो, पण तो पूर्ण गोल नसतो. शिवाय लाकडी चकतीचे मध्य मी हाताने काढलेले होते. प्रत्येक नळकांडे दांड्याभोवती किंचित उचलत होते आणि तीन नळकांड्यांचे हेलकावे एकमेकांत मिसळत होते. पाइपच्या आतून पट्ट्या चिकटवून तोल साधण्याचा प्रयत्न तीन संध्याकाळी केला आणि सोडून दिला.

२० जून

लेथवाल्यांकडे गेलो. त्यांनी पाहताक्षणी सांगितले, "सर, पाइप फेकून द्या, ट्यूब आणा, दांड्यासकट एकाच वेळी चालवून देतो." जाड अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब घेतली, टोकांना धातूच्या चकत्या दाबून बसवल्या आणि मग दांडा मध्याशी धरून बाहेरचा पृष्ठभाग लेथवर उतरवला. ७,८०० रुपये लागले. बेअरिंगा आणि चौकट आधीचीच वापरली. थरथर पूर्ण थांबली.

तरीही पहिल्या दिवशी कोणालाही रोलरवर दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकता आले नाही. पुढचे चाक सतत बाजूला पळत होते. मी मुलांच्या तोलाला दोष देत होतो. मग शांतपणे मोजले, तेव्हा पुढचे नळकांडे पुढच्या चाकाच्या अक्षाच्या चार सेंटिमीटर मागे बसलेले आढळले. ते अक्षाच्या बरोबर खाली किंवा एक-दोन सेंटिमीटर पुढे असावे लागते. चौकटीत नवी भोके पाडून ते पुढे सरकवले. त्या दिवसापासून पंधरा वर्षांची आमची एक मुलगी भिंतीचा आधार घेऊन सुरू करते आणि वीस मिनिटे एका रेषेत चालवते. ज्यांच्या सायकलींची लांबी वेगळी आहे त्यांच्यासाठी चौकटीत तीन जागी भोके ठेवली आहेत आणि प्रत्येक भोकाजवळ सायकलीचा क्रमांक रंगवला आहे.

रोलरने मुलांच्या पेडल मारण्यात जे बदलले, ते मला दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर दिसले नाही. पेडल खाली दाबून वर येताना पाय सैल सोडण्याची सवय असलेला मुलगा रोलरवर लगेच डुलतो आणि त्याला स्वतःलाच ते कळते. मला काही सांगावे लागत नाही. खांदे आणि कोपर ताठ ठेवणाऱ्याचेही तसेच होते. रोजच्या सरावासाठी रोलर हवेतच, हे मी त्या आठवड्यात ठरवले.

चाचणीसाठी मात्र ते उपयोगाचे नाहीत. पुढे ५२ दात, मागे ११ दात, पेडलचे मिनिटाला १०० फेरे, म्हणजे ताशी जवळजवळ ६० किलोमीटर अशा वेगालाही पेडल २३५ वॉटच दाखवत होते. आमच्या थोरल्या मुलाची वीस मिनिटांची क्षमता याच घरात आहे, त्यामुळे छोट्या आणि जोरकस प्रयत्नांसाठी रोलरकडे भारच शिल्लक उरत नाही. त्या वेगाला रोलरवर तोंडाला फेस येईपर्यंत मुलाला थकवणे धोक्याचेही आहे.

२६ जून

द्रवाचा ट्रेनर चार दिवसांसाठी उसना मिळाला. मालक तो १६,००० रुपयांना विकायलाही तयार होते. पायाला जाणवणारा भार रस्त्याच्या सर्वांत जवळचा वाटला. वेग वाढवला की भार झपाट्याने वाढतो. ताशी ३० किलोमीटरला २०९ वॉट आणि ३६ ला ३१४ वॉट अशी मोजणी आली. कळ फिरवावी लागत नाही, गिअर बदलला की पुरते.

यातही गरम होण्याचा प्रश्न आहेच, पण तो चुंबकीय ट्रेनरपेक्षा शिस्तीत वागतो. ताशी ३० किलोमीटरला तिसऱ्या मिनिटाला २३२ वॉट, बाराव्या मिनिटाला २०९, आणि त्यानंतर अर्ध्या तासापर्यंत २०७ ते २१० यांच्या बाहेर आकडा गेला नाही. म्हणजे पंधरा मिनिटे यंत्र तापवून घेतले, टायरची हवा आणि स्क्रूचे फेरे नेहमी तेच ठेवले, तर वेगावरून शक्तीचा चांगला अंदाज बांधता येतो. ज्यांच्याकडे २०,००० रुपयांच्या आसपासच पैसे आहेत आणि एकाच माणसाला स्वतःची प्रगती पाहायची आहे, त्यांनी या प्रकाराचा गंभीरपणे विचार करावा.

आम्ही तो घेतला नाही. तिसऱ्या दिवशी फरशीवर तेलाचा रुपयाएवढा डाग दिसला. सील झिजले होते. गळती सुरू झालेल्या यंत्राचा भार दर आठवड्याला बदलत जाणार आणि त्याचे सील आमच्याकडे कोणी बदलून देत नाही. शिवाय सात जणांच्या सात सायकलींचे टायर वेगवेगळे असल्यामुळे प्रत्येकासाठी वेगळा तक्ता करावा लागला असता.

२ जुलै

डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर घेण्याचे ठरले. नवा घेणे आमच्या आवाक्याबाहेर होते. पुण्यातील एका सायकलपटूकडून दोन वर्षे वापरलेला ट्रेनर ४६,००० रुपयांना मिळाला. खोके १८ किलोच्या पुढे असल्याने ते ट्रॅव्हल्सच्या गाडीने पार्सल करून आणले, त्याचे ९०० रुपये लागले. पैसे देण्यापूर्वी पुण्यातील ओळखीच्या मुलाला पाठवून तो अर्धा तास चालवून पाहायला सांगितले. पट्ट्याचा आवाज, गरम झाल्यावर येणारा वास आणि फोनशी जोडणी तुटते का, या तीन गोष्टी त्याने पाहिल्या. जुना घेणाऱ्याने हे केल्यावाचून पैसे देऊ नयेत.

५ जुलै

बसवण्यात दोन चुका झाल्या. आमच्या बहुतेक सायकली मागे नऊ गिअरच्या आहेत आणि ट्रेनरचा कॅसेट चढवायचा गाभा अकरा गिअरच्या रुंदीचा आहे. नऊ गिअरची कॅसेट (१,४०० रुपये) त्यावर चढवताना आतल्या बाजूला १.८५ मिलिमीटरची चकती टाकावी लागते. ती मी विसरलो. कॅसेट आवळणारे कुलुपकडे पूर्ण घट्ट केल्यावरही कॅसेट हलत राहिली आणि गिअर आपोआप सरकू लागला. मी आधी गिअरची तार पिळत बसलो आणि त्यात एक दिवस घालवला. चकती आणि नवे कुलुपकडे २५० रुपयांना मिळाले. ते टाकून ४० न्यूटन-मीटरला आवळले, तेव्हा आवाज आणि सरकणे दोन्ही थांबले.

दुसरी चूक जास्त महागात पडली. सातपैकी दोन सायकलींना डिस्क ब्रेक आणि चाकातून आरपार जाणारा १२ मिलिमीटरचा थ्रू-अ‍ॅक्सल आहे. विक्रेत्याकडून त्यासाठीचे जोडभाग आले नव्हते आणि मी विचारलेही नव्हते. २,८०० रुपये आणि अकरा दिवस गेले. त्या दिवसांत आणखी एक प्रकार घडला. चाक काढलेल्या डिस्क सायकलीचा ब्रेक एका मुलाने सहज दाबला आणि पॅड आतून एकमेकांना चिकटले. ते मागे ढकलून नीट करायला मेकॅनिकने ३०० रुपये घेतले. आता चाक काढले की ब्रेकच्या फटीत जाड पुठ्ठ्याची पट्टी घालायची, असा नियम भिंतीवर लिहिला आहे.

९ जुलै

ट्रेनर आणि पेडल यांपैकी खरे कोणाचे मानायचे, हा प्रश्न सुटल्याशिवाय चाचणीला अर्थ नाही. म्हणून आधी पेडलची परीक्षा घेतली. मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानातून वैधमापन खात्याचा त्या वर्षीचा शिक्का असलेले २० किलोचे लोखंडी वजन एक दिवसासाठी मागून आणले. सायकल चाकावरच्या ट्रेनरवर ठेवली, मागचा ब्रेक आवळून बांधला, क्रँक (पेडल ज्याला जोडलेले असते तो दांडा) आडवा केला आणि वजन पट्ट्याने पेडलच्या मधोमध टांगले. क्रँक १७० मिलिमीटरचा आहे, तेव्हा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, ३३.३ न्यूटन-मीटरच्या जवळ यायला हवा.

पहिल्या पाच प्रयत्नांत आकडे ३२.५ ते ३३ यांच्यामध्ये वेगवेगळे आले. क्रँक नजरेने आडवा केला होता, हे त्याचे कारण. गवंड्याची पाणसळ क्रँकवर टेकवून बुडबुडा मधोमध आणला, तेव्हा डावीकडे ३३.१ आणि उजवीकडे ३३.० असे आकडे तीन वेळा तसेच आले. फरक एक टक्क्याच्या आत आहे. आमच्या कामासाठी एवढे पुरेसे आहे.

आता ट्रेनरची पाळी. चेन आणि गिअरमध्ये थोडी शक्ती खर्च होते, त्यामुळे पेडलचा आकडा ट्रेनरपेक्षा दोन-तीन टक्क्यांनी जास्त यायला हवा. प्रत्यक्षात ट्रेनर पेडलपेक्षा सहा टक्के जास्त दाखवत होता! दोन दिवस मी विक्रेत्यावर संशय घेतला आणि तो चुकीचा होता. दोष माझ्या पद्धतीत होता. ट्रेनर सुरू करताच मी स्पिनडाउन केले होते. त्यात ठरावीक वेगापर्यंत नेऊन पेडल थांबवायचे असते आणि यंत्रातले जड चक्र किती वेळात थांबते यावरून यंत्र आपले अंतर्गत घर्षण ठरवते. थंड यंत्राचे घर्षण जास्त असते. तेच घर्षण यंत्राने नोंदवून ठेवले आणि गरम झाल्यावरही ते आकड्यात मिळवत राहिले. पंधरा मिनिटे चालवून पुन्हा स्पिनडाउन केले, तेव्हा ट्रेनर पेडलच्या दोन टक्के खाली आला. जे ट्रेनर घेऊन आकड्यांवरून वाद घालतात, त्यांनी आधी ही एक गोष्ट तपासावी.

१३ जुलै

ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चार वेगवेगळ्या दिवशी ट्रेनर स्वतः भार ठरवतो त्या अर्ग पद्धतीत १५० वॉटवर ठेवला, पंधरा मिनिटे तापवून स्पिनडाउन केले आणि पेडलचा दहा मिनिटांचा सरासरी आकडा पाहिला. १५३, १५२, १५४, १५३. चुंबकीय ट्रेनरवर हेच आकडे दोन दिवसांत दहा टक्क्यांनी हलत होते.

खरेदीपूर्वी मी 'अचूकता दोन टक्के की एक टक्का' या प्रश्नात गुंतलो होतो. मुलांच्या चाचणीसाठी तो प्रश्न दुय्यम आहे. ट्रेनर सर्वांना तीन वॉट कमी दाखवत असेल तरी चालते, कारण मी त्यांची तुलना त्यांच्याच मागच्या महिन्याशी करतो. पण जुलैमध्ये तीन वॉट कमी आणि ऑगस्टमध्ये पंधरा वॉट जास्त दाखवणारे यंत्र मुलाला खोटा आनंद किंवा खोटी निराशा देते, आणि सोळाव्या वर्षी या दोन्हींची किंमत मोठी असते.

१७ जुलै

पहिली प्रत्यक्ष चाचणी. पद्धत चढत्या भाराची ठेवली. १०० वॉटपासून सुरुवात, दर मिनिटाला २० वॉट वाढ, पाय थांबेपर्यंत. शेवटच्या सर्वोत्तम मिनिटाच्या सरासरीचे ७५ टक्के हा तासाभराच्या क्षमतेचा अंदाज धरायचा.

सहाव्या मिनिटाला, २०० वॉटवर, वीज गेली. ट्रेनरचा ब्रेक विजेवर चालतो, त्यामुळे भार क्षणात नाहीसा झाला, पाय रिकामे फिरले आणि मुलगा सीटवरून पुढे हँडलवर आदळला. छातीला मुका मार लागला. चाचणी तिथेच थांबवली. चूक पूर्णपणे माझी होती, कारण पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते हे काही नवीन नाही. तालमीच्या कार्यालयातील इन्व्हर्टरची वायर खोलीपर्यंत आणली आणि मेन स्विच पाच वेळा बंद करून पाहिला. इन्व्हर्टर लागेपर्यंतचा क्षण ट्रेनर सहन करतो, भार तुटत नाही. त्यानंतरच पुढच्या मुलाला बसवले.

दुसऱ्या मुलाची अडचण वेगळी होती. २६० वॉटवर त्याचे फेरे ८५ वरून ६० वर आले. अर्ग पद्धतीत शक्ती तीच ठेवायची असते, म्हणून फेरे कमी झाले की यंत्र प्रत्येक फेऱ्याचा भार वाढवते, भार वाढला की फेरे आणखी कमी होतात आणि काही सेकंदांत पाय जागच्या जागी अडकतात. मुलगा दमला होता की अडकला होता, हे मला सांगता येईना. आता नियम असा आहे की फेरे ६५ च्या खाली गेले की चाचणी संपली. तसेच सर्वांनी चाचणीत पुढचे लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागचे मधले दात वापरायचे आणि तो गिअर वहीत लिहायचा. मोठ्या गिअरमध्ये चक्र वेगाने फिरते आणि पायाला जाणवणारा भार वेगळा लागतो.

२१ जुलै

पत्र्याच्या खोलीत सकाळी सात वाजता ३० अंश आणि हवा दमट. मी स्वतः १५० वॉटवर अर्धा तास बसलो. पंख्याविना हृदयाचे ठोके १३६ वरून १५५ वर गेले. दुसऱ्या दिवशी दोन पेडस्टल पंखे, एक समोरून आणि एक बाजूने, लावले, तेव्हा ते १४३ वर थांबले. भार तोच, माणूस तोच. पंख्यांशिवाय घेतलेली चाचणी पायांची राहत नाही, उष्णतेची होते. पंख्यांचे ५,२०० रुपये आणि खालच्या रबरी चटयांचे १,१०० रुपये झाले. मी हे पैसे अंदाजपत्रकात ठेवले नव्हते. आता कोणी विचारले तर ट्रेनरच्या आधी पंखा घ्या असे सांगतो.

घामामुळे एका सायकलीच्या स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचे, बोल्ट तीन आठवड्यांत गंजले. हँडलवर टॉवेल आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसणे सक्तीचे केले आहे.

२७ जुलै

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागल्याची बातमी रात्री आली. मुलांनी आणि कार्यकर्त्यांनी मिळून ट्रेनर, पंखे आणि रोलर पहिल्या मजल्यावर हलवले. पाणी खोलीपर्यंत आले नाही. सहा दिवस सराव बंद राहिला. ट्रेनर हलवल्यावर पुन्हा स्पिनडाउन केले.

१० ऑगस्ट

सातही जणांच्या चाचण्या पूर्ण झाल्या. थोरल्या मुलाचे शेवटचे मिनिट ३२० वॉटचे होते, म्हणजे अंदाज २४० वॉट. चार दिवसांनी त्याचीच वीस मिनिटांची चाचणी घेतली. सरासरी २३२, त्याचे ९५ टक्के म्हणजे २२०. एकाच मुलासाठी दोन पद्धती वीस वॉटचे अंतर दाखवतात. तो छोट्या अंतरात जोर लावणारा आहे आणि चढत्या भाराच्या चाचणीचे शेवटचे मिनिट अशांना अनुकूल पडते. दीर्घ पल्ल्याच्या मुलीच्या बाबतीत हा फरक फक्त चार वॉटचा आला. आता सरावाचा भार वीस मिनिटांच्या आकड्यावरून ठरवतो आणि चढत्या भाराची चाचणी दर महिन्याची प्रगती पाहण्यासाठी ठेवतो. या दोन्हींचे आकडे वहीत वेगवेगळ्या पानांवर आहेत आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत, असे मुलांनाही सांगितले आहे.

१६ ऑगस्ट

पेडल कोल्हापूरला परत केले. परत करण्याच्या आदल्या दिवशी १५० वॉटची तपासणी पुन्हा केली, १५३ आले.

खर्चाचा हिशेब : डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर, वाहतूक, कॅसेट, चकती आणि जोडभाग मिळून ५१,३५०. फसलेले आणि नंतर यशस्वी झालेले रोलर मिळून ११,२००. टायर आणि जुने चाक ३,४००. पंखे आणि चटया ६,३००. ब्रेकची दुरुस्ती ३००. एकूण ७२,५५० रुपये. उरलेल्या १२,४५० रुपयांतून रोलरचा दुसरा संच लेथवाल्यांकडे ८,४०० रुपयांना सांगितला आहे, म्हणजे ४,०५० रुपये हाती राहतील. ते पट्टा तुटला किंवा बेअरिंग गेली तर त्यासाठी ठेवले आहेत.

सध्याचे वेळापत्रक असे आहे की सकाळी दोघे आळीपाळीने रोलरवर, एक जण चुंबकीय ट्रेनरवर अंग गरम करत आणि एक डायरेक्ट ड्राइव्हवर ठरलेल्या भाराचे काम करत असतो. दुसरा संच आल्यावर रोलरची संख्या वाढेल. डायरेक्ट ड्राइव्हवरची पाळी प्रत्येकाला आठवड्यातून दोनदाच येते. तेवढी पुरते. पुढची चाचणी १४ सप्टेंबरला आहे. त्या दिवशीही तोच गिअर, तेच दोन पंखे आणि पंधराव्या मिनिटाला स्पिनडाउन.